उद्घाटनाआधी बटण दाबायचं न्हाई!

चार रिटायर मास्तर जमले की पेन्शनवर बोलतात, असा लोकांचा समज आहे. साफ चूक! आम्ही बिल्डिंग कमिटीवर बोलतो. एकानं एक आठवण काढली की दुसऱ्याला दोन सुचतात, चहा निवून जातो आणि घरचे वैतागतात. असे किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात.

आमची शाळा कवठे महांकाळच्या पुढं, माळावर. मी तिथं विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकात शाळेला नवी इमारत मंजूर झाली आणि वर्गांत कुठली आधुनिक साधनं कुठं बसवायची, हे ठरवायला कमिटी नेमली. अध्यक्ष अण्णा, फौजेतले निवृत्त सुभेदार. सभासद बापू, मोठे द्राक्षबागायतदार. आमचे हेडमास्तर कांबळे सर. आणि मी, कारण विज्ञानाच्या बाईंना वायरमधलं सगळं कळतं अशी गावाची खात्री होती.

कांबळे सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. "बाई, मला शाल नको, नारळ नको," ते म्हणायचे. "आपली पोरं कॉम्प्युटरवर बोट ठेवताना बघायची आहेत. मग मी सुखानं घरी जाईन."

फार काही मागत नव्हता हो माणूस!

* * *

पहिल्याच मीटिंगला अण्णांनी कॉम्प्युटर रूमचा नकाशा स्वतः काढून आणला. जाड भिंती, लोखंडी दार, आणि वर छपराजवळ पाटीएवढी एकच खिडकी.

"अण्णा, हा तुरुंग आहे का?" मी विचारलं.

"आवं बाई, एवढी किमती चीज! फौजेत रायफली कुठं ठेवत्यात? कोतात! तसला कोत पायजे. चोराच्या बापाला घुसता येणार न्हाई."

"पण एवढ्याशा खोलीत मुलं किती मावणार?"

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले.

"मुलं? मुलं कशाला आत पायजेत?"

खोली तशीच बांधली गेली.

* * *

मग सांगलीहून कुणीतरी बातमी आणली की कॉम्प्युटरला गारवा लागतो. एसी आम्हाला परवडणार नव्हता. बापू मांडीवर थाप मारून म्हणाले, "माझं कोल्ड स्टोरेज हाय की! बेदाणा वरीसभर टिकतोय, तर ह्यो टिकायचा न्हाई व्हय?"

कमिटी पाहणीला गेली. आत पाऊल टाकलं आणि कांबळे सरांचे दात वाजायला लागले. मी पदर कानाभोवती घट्ट गुंडाळला. अण्णा मात्र बुशशर्टवर ताठ उभे. "लडाखला ह्याच्या दसपट थंडी असती. पोरांना सवय हुईल."

मुलांना स्वेटर कुठून आणायचे यावर तिथंच, बेदाण्याच्या बॉक्सवर बसून, गंभीर चर्चा झाली. जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात बापूंना आठवण झाली.

"फकस्त मार्च-एप्रिलात कॉम्प्युटर बाहेर काढावा लागंल बरं का. नवा माल येतोय तवा."

वार्षिक परीक्षेला बेदाणा आत आणि कॉम्प्युटर बाहेर! प्रस्ताव बारगळला. कोतात टेबलफॅन लावायचं ठरलं.

* * *

माझी मागणी एकच होती. स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर मिळाला होता, त्यासाठी एक कोरी, पांढरीशुभ्र भिंत. बापूंनी वडिलांच्या नावानं भिंतीचा खर्च उचलला. आमच्याकडं देणगी दिली की नाव लिहायचं, त्यात नवल नाही. पण पेंटरला सगळ्या इमारतीत तीच एक भिंत सुंदर दिसली! त्यानं मधोमध झोकदार अक्षरात लिहिलं, "कै. दादासाहेब यांच्या स्मरणार्थ".

पहिल्या स्लाइडला बापू खास धुतलेलं धोतर नेसून आले. घरची मंडळीही आणली. मी दिवे घालवले आणि बटण दाबलं. भिंतीवर हा भलामोठा बेडूक पसरला, पोट फाडलेला, आतडी उघडी. आणि बरोब्बर त्याच्या पोटाखाली, "कै. दादासाहेब यांच्या स्मरणार्थ".

बापू उठले, बेडकाला हात जोडले आणि माझ्याकडं वळले.

"बाई, तेवढा फोटू बदला. बाकी लय बेस झालंय!"

* * *

अण्णांचा जीव मात्र लाउडस्पीकरमध्ये. ऑफिसात माइक आणि प्रत्येक वर्गात कर्णा, म्हणजे एका जागेवरून सगळी शाळा ताब्यात! चाचणीच्या दिवशी त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि माइकमध्ये गरजले, "शाळाऽऽ सावधान!"

पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी शाळा ताडकन उभी राहिली. शिक्षकसुद्धा! मीही खडू हातात धरून उभी. अण्णा खूश. आणि "विश्राम" म्हणणार, तेवढ्यात लाइट गेली.

आता काय? बसायचं कुणाची हिंमत होईना. शेवटी अण्णा स्वतः ऑफिसातून निघाले आणि वर्गावर्गाच्या दारात जाऊन "विश्राम" सांगत फिरले. वरच्या मजल्यावरचा सातवीचा वर्ग तेवढा विसरला. मधल्या सुट्टीत डबे का उघडले नाहीत म्हणून बघायला गेलो, तर पोरं ताठच!

* * *

दिवाळीनंतर कॉम्प्युटर आला. बायकांनी ओवाळलं, काचेला हळदकुंकू लागलं, आणि अण्णांनी तो कोतात ठेवून कुलूप घातलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

"उद्घाटनाआधी बटण दाबायचं न्हाई. आणि उद्घाटन पाव्हण्याच्या हातनंच व्हणार. मंत्री येणारेत."

मंत्री काही येईनात. एकदा निघाले, शिरवळपर्यंत आलेसुद्धा, आणि तिथून मुंबईला माघारी गेले. आम्ही मांडव घातला, काढला, पुन्हा घातला. कांबळे सर रोज कोताच्या दारासमोरून जायचे, कुलपाकडं बघायचे आणि वर्गावर जायचे. मला फार वाईट वाटायचं. अण्णांचा राग यायचा तो वेगळाच.

शेवटी सरांनीच वाट काढली. "अण्णा, बटण दाबत नाही. नुसतं बघू का?"

"बघा की. बघायला कोण न्हाई म्हणतंय?"

सरांनी आत जाऊन कीबोर्ड एका कागदावर उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीनं अवाढव्य कीबोर्ड आखला. एकेक बटण ठिकरीच्या घराएवढं! पोरं लंगडी घालत टाइप करू लागली. स्पेससाठी लांब उडी. कॅपिटल अक्षर पाहिजे असेल तर एकानं शिफ्टच्या घरात उभं राहायचं आणि दुसऱ्यानं उडी मारायची. नववीतली सुरेखा तर स्वतःचं नाव डोळे मिटून उड्या मारत लिहायची.

अण्णा कडेला उभे राहून बघायचे. "पीटी चांगली चाललीया," म्हणायचे.

* * *

सरांच्या निरोपाचा दिवस उजाडला. भाषणं झाली, शाल झाली, नको नको म्हणताना नारळही झाला. सर बोलायला उठले. "सगळं मिळालं. एक तेवढं राहिलं," एवढंच बोलून खाली बसले. माझे डोळे भरून आले. सगळे अण्णांकडं बघायला लागले.

अण्णा घड्याळाकडं बघत होते.

"सर, तुमची नोकरी किती वाजता संपती?"

"पाचच्या घंटेला."

अण्णा पुन्हा घड्याळाकडं बघत बसले. घंटा झाली, तसे अण्णा उठले.

"सर, आता तुमी ह्या शाळंचे कोण?"

"कुणी नाही, अण्णा."

"मग पाव्हणं झाला का न्हाई?"

सरांना तसंच गेटबाहेर नेलं, तिथून हार घालून, ताशा वाजवत परत आत आणलं. स्काउटच्या पोरांनी सलामी दिली. अण्णांनी गळ्यातली किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. कोतात मावलो आम्ही चौघंच: सर, अण्णा, मी आणि सुरेखा. बाकी शाळा दारात आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून त्या पाटीएवढ्या खिडकीत!

सरांनी बटण दाबलं. लाइट होती! पडदा उजळला.

"सुरेखा, लिही बाळ तुझं नाव."

सुरेखा पुढं आली. एक पाय वर उचलला, जागच्या जागी लंगडीची उडी मारली, मग बोट टेकवलं. एक अक्षर उमटलं. पुन्हा उडी, पुन्हा बोट. स्पेसला मात्र तिनं लांब उडी घेतली आणि भिंतीवर आपटली.

सर हसत होते आणि डोळेही पुसत होते. अण्णांनी भिंतीवर हात फिरवला, इकडून तिकडं पावलं टाकून खोली मापली आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाई, आपला नकाशाच चुकला. हितं उड्या माराय जागा न्हाई."

सोमवारी गवंडी आला आणि कोताच्या भिंतीवर अण्णांनी पहिला घण स्वतः घातला.