प्रोसेसरची खांदेमळणी

सांगतो, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. हसता हसता अंगावर सांडला तर मला बोल लावू नका. माझ्या हुशारीला आधीच पुष्कळ लागलेत.

माझी नात रेणू कॉम्प्युटर शिकलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब व्हिडिओ कॉलवर तिची मुलाखत घेणार होते. तिनं केलेला प्रोग्राम मशीनवर चालवून दाखवायचा, पसंत पडला तर नोकरी. मशीन कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेलं. त्यानंही मुहूर्त काय गाठला! सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची आणि मध्येच थिजायची.

"काहून अडून राहिलं गं?" मी विचारलं.

"आबा, सिस्टीमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, कोसळून राहिला. यात दोन प्रोसेसर हायत. बैलजोडी समजा. पहिला एकटा जुंपला तर चालतंय, दुसरा उठवला की गाडी आडवी!"

बैलाचं नाव काढल्यावर मी गप्प बसणार? चौथी शिकलेला माणूस मी, काही साधासुधा नव्हे!

तिनं मशीनची पेटी उघडली. दोन्ही प्रोसेसरवरचे पंखे काढले, वाळलेला मळ पुसला. मग पहिल्याच्या पाठीवर ट्यूबमधली पांढरी, लोण्यासारखी, गरमी ओढून घेणारी पेस्ट चोळली. ट्यूब संपली. "दुसरी घेऊन येते," म्हणत ती नाक्यावर पळाली.

मी बघत बसलो. उद्या पोळा, म्हणजे आज खांदेमळणी. वर्षभर जू ओढलेल्या बैलांचे खांदे आज हळद-तुपानं चोळायचे. आणि इथं एकाच्या पाठीला लोणी, दुसरा कोरडाच! जीव कळवळला हो. असा दुजाभाव केल्यावर दुसरा अडणार नाही तर काय? शिकल्यासवरल्यांना एवढं कळू नये?

बैलांसाठी कालवलेली वाटी हाताशी होतीच. लावलं. हात आखडला नाही. वर पंखा बसवून टाकला.

रेणू परतली ती धापा टाकत. साहेबांनी वेळ अलीकडे आणली होती.

"आबा, दुसऱ्याचा पंखा कोणी बसवला?"

"मी."

"अन् पेस्ट?"

"लावलं की. बराबर लावलं."

ट्यूबमध्ये थोडं उरलं असेल, असं तिला वाटलं. मी मोजकंच बोलतो, याचं घरात सगळ्यांना भारी कौतुक!

मशीन सुरू केलं. अक्षरं धावली, थिजली. तिनं मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, सेटिंग बदललं. पुन्हा तेच. लेकराच्या डोळ्यांत पाणी आलं. मी धीर दिला, "थांब, जरा मुरू दे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही ओरडली, "बाहेर शिरा कोण भाजून राहिलं?"

रेणूनं मशीन बंद करून पंखा उचलला. "आबा! हे पिवळं काय हाय?"

"तूप-हळद. घरचं हाय, भेसळ न्हाई."

मग तो दुसरा प्रोसेसर काढून तिनं माझ्या हातावर ठेवला आणि पहिल्यावरच मशीन सुरू केलं. प्रोग्राम रडतखडत चालला.

"इतका हळू का?" कॉल लागल्यावर साहेबांनी विचारलं.

तिनं खरं ते सांगितलं. मग साहेब जे हसत सुटले!

"कर्नल कोसळायची पुष्कळ कारणं बघितली," ते म्हणाले, "हे पहिल्यांदाच! पण तुम्ही दोष शोधलात, वेळही निभावून नेलीत. कामावर या."

नोकरी लागली, तीही घरूनच. कंपनीचं नवं मशीन आलं, त्याला वेगळी खोली. आत कोणीही जावं. परवा शेळी आरामात बसून आली, कोणी हटकलं नाही. मी नुसता उंबऱ्यावर पाय ठेवला, तर आमची ही चुलीपासून ओरडली, "अवो, आधी हात दाखवा!"