मस्तुरा ओपांचे चौदा किलोमीटर

मस्तुरा ओपांनी ती गळती कळवली नसती, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

सतराव्या खांबाजवळचा जुना व्हॉल्व्ह. त्याच्या खालच्या अंगाला केसाएवढी चीर. ओपा गुडघ्यांवर बसल्या, ब्रशने साबणाचे पाणी लावले आणि थांबल्या. एक बुडबुडा आला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

“दिसला?”

“हो,” मी म्हणाले.

“खोटं बोलतेस, मोहिनूर. तू पाखरं बघत होतीस.”

मी बुखाऱ्यात साहित्य शिकले. शाळेत जागा मिळाली नाही, म्हणून गॅसच्या लाइन-कचेरीत कागद लिहायला लागले. ओपांना टॅबलेटवर बोटे फिरवणे आवडत नसे आणि मला कचेरीत बसून राहणे. म्हणून मी त्यांच्याबरोबर चालू लागले. त्या चोपन्न वर्षांच्या, मी चोवीस; ओपा म्हणजे थोरली बहीण, सगळेच त्यांना तसे म्हणत. दोन वर्षांत आमची मैत्री झाली.

फाट्यापासून तीन गावांपर्यंतची चौदा किलोमीटरची लाइन त्यांची. ती त्या सव्वीस वर्षे चालत होत्या, आठवड्यातून दोनदा. त्यांना कामावर घेतले तेव्हा कचेरीत पैज लागली होती, की ही बाई पहिला हिवाळा काढणार नाही. पैज लावणारे सगळे केव्हाच निवृत्त झाले.

शेजारच्या लाइनवर जोरा चालतो. त्या दिवशी तो आमच्यासाठी गाडी घेऊन आला होता. त्याने वाकून चीर पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“ओपा, हे कळवू नका.”

“का रे?”

“आज कोण बघतंय? वर पट्टी आवळू. जानेवारीत सांगू. नवीन वर्ष, नवीन हिशोब.”

“आणि तोवर बुडबुडे कोण मोजणार? तू?”

जोराचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही. त्या वर्षी आमच्या लाइनचा निकाल लागायचा होता. गावांच्या पलीकडे वाळवंटात सोलर पॅनेलांच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. दिवसभर वीज भरपूर. पण संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, नेमका तेव्हाच सूर्य जातो. त्या वेळेसाठी गावाजवळ गॅसवरचे छोटे वीजकेंद्र बांधायचे ठरले होते, आणि त्याला गॅस कुठल्या लाइनने द्यायचा, ते ठरायचे होते. पैसे देणाऱ्यांची अट एकच होती. वर्षभरात जी लाइन ठराविक आकड्याहून जास्त गॅस हवेत सोडेल, ती यादीतून बाद. जळलेल्या गॅसपेक्षा न जळता निसटलेला गॅस हवा कितीतरी जास्त तापवतो. बाद झालेली लाइन बंद होणार होती. गावांना सिलिंडर, आणि संध्याकाळची वीज पूर्वीसारखी दूरच्या कोळशाच्या केंद्रातून.

ओपांची लाइन आकड्याच्या आत होती. इतर लाइनींच्या मानाने बरीच आत.

आता चीर बुजवायची तर व्हॉल्व्ह कापून बदलायला हवा. त्यासाठी लाइन रिकामी करायला हवी. आणि लाइन रिकामी करण्याची आमच्याकडे एकच रीत होती. दोन्ही टोके बंद करायची, मधली उभी नळी उघडायची आणि गॅस आकाशात सोडून द्यायचा. तिन्ही गावांतल्या खिडक्या थरथरत. असे एकदा केले, की आकडा ओलांडलाच.

म्हणजे गळती लपवली तर लाइन वाचणार होती आणि सांगितली तर जाणार होती.

ओपांनी त्याच दुपारी सांगितली.

मुख्य अभियंते हमरो अका (अका म्हणजे दादा) मोठे सज्जन. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मस्तुरा, मार्चमध्ये तुमची पेन्शन. आणखी पाच महिने तुम्हाला ही चीर दिसली नसती, तर मला काही म्हणायचं नव्हतं.”

“मला दिसली, अका.”

“दिसली, खरं आहे. मग आता गॅस सोडावा लागेल. सोडला की तुमची लाइन गेली.”

“सोडायचा कशाला? जाळू या.”

“चौदा किलोमीटरचा गॅस? कुठे?”

“चुलीत. लाइन गावांसाठीच आहे ना? वरचा व्हॉल्व्ह सकाळी बंद करा. खालचा उघडा राहू दे. बाराशे घरं आहेत. सगळ्यांनी एकाच दिवशी नान भाजले, तर संपेल.”

हमरो अका हसू लागले. मग त्यांनी कागद ओढला आणि गुणाकार केला. पुन्हा केला. मी शेजारी उभी होते. त्यांचे हसू उतरताना मी पाहिले.

“दाब बारा बारवरून दोनवर आणा,” ते म्हणाले. “उरलेला दोन बारचा गॅस सोडला तरी आकड्यात बसेल. पण दुपारी तीनपर्यंत. सहाला अंधार पडतो, वेल्डरला उजेड लागतो. तीनला काटा दोनवर नसेल तर मी नळी उघडणार. मग माझ्याकडे बघायचं नाही.”

“बघणार नाही.”

बाहेर आल्यावर मी विचारले, “ओपा, एवढं कशासाठी? काही वर्षांनी बॅटऱ्या येतीलच. मग गॅस कोणाला हवाय?”

“येऊ देत की. सूर्य दिवसपाळीचा गडी आहे, पोरी. तोवर दुसऱ्या पाळीला कोणीतरी हवं. बॅटऱ्या आल्या की गॅसही जाईल पेन्शनीत, माझ्यासारखा. पण जाईपर्यंत गळका राहून चालेल का?”

त्या आठवड्यात आम्ही बाराशे दारे वाजवली. ओपा प्रत्येक दारात तेच बोलत. मंगळवारी हशर आहे, सगळ्यांनी हात लावायचा. सकाळपासून तंदूर लावा. गॅस कमी करू नका. तीनच्या सुमारास माझा निरोप आला की आपापला कॉक बंद करा, मी स्वतः बघायला येईन, नंतर गॅस परत आला आणि कॉक उघडा राहिला तर घर उडेल. बायकांना मोठी मौज वाटली. गॅस जपून वापरा हे त्यांनी जन्मभर ऐकले होते. सढळ हाताने जाळा असे सांगणारी ही पहिलीच.

मंगळवारी सकाळी सहाला वरचा व्हॉल्व्ह बंद झाला. दाबाचा काटा बारावर.

आठ वाजता अकरा. दहा वाजता साडेदहा.

बारा वाजता साडेनऊ.

हमरो अकांनी आकडा कागदावर टिपला. वेल्डर योदगोर आपली अवजारे मांडून बसला होता. त्याने घड्याळ पाहिले आणि सूर्यफुलाच्या बिया फोडत राहिला. ओपांचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते.

“जोरा, गाडी काढ.”

पहिल्या गावात शिरलो तेव्हा गल्ली रिकामी होती. सगळी धग आणि सगळा गोंगाट ओयनिसो खोलांच्या अंगणातून येत होता. खोला गावातल्या थोरल्या मावशी, सगळ्यांच्याच. त्यांच्या अंगणात चाळीस बायका. कणकेच्या पराती ओळीने मांडलेल्या. कोणी मळत होती, कोणी नानवर तीळ पेरत होती, दोघी गात होत्या. तंदूर चारच पेटले होते.

ओपा दारातच थांबल्या.

“खोला, हे काय?”

“हशर,” खोला अभिमानाने म्हणाल्या. “तूच सांगितलंस ना? बघ, गल्लीतली एक बाई घरी राहिली नाही. झैनबचं बाळ दहा दिवसांचं आहे, तीही आलीय. आणि गॅस कसा वाचवलाय बघ! चार तंदुरांत अख्खी गल्ली. बाकीच्या गल्ल्यांतही असंच चाललंय.”

मी जोराकडे पाहिले. जोरा चपलांकडे पाहत होता.

चूक ओपांचीच होती. हशर म्हटले, की आमच्याकडे सगळ्यांनी एका अंगणात जमायचे. भिंत बांधायची असो की लग्नाची तयारी, काम एकाचे आणि हात सगळ्यांचे. लहानपणापासून दुसरे कोणी काही शिकवलेलेच नाही. ओपा बाराशे दारांत इतके बोलल्या, आणि या एका शब्दाने ते सगळे पुसून टाकले.

ओपांनी डोक्याला हात लावला. मग त्यांना हसू आले. मग त्या ओरडल्या.

“उठा! सगळ्या उठा! आपापली परात घ्या आणि आपापल्या घरी जा!”

“घरी? हा कसला हशर? जिची तिने चूल फुंकायची?” खोला चिडल्या. “मस्तुरा, ऊन लागलंय तुला.”

“खोला, मला गॅस वाचवायचा नाही, संपवायचा आहे. तीनच्या आत. नाहीतर तो सगळा आकाशात जाईल आणि पुढच्या वर्षी तुम्ही सिलिंडर ढकलत न्याल.”

“मग हे आधी नीट सांगायला काय झालं होतं?”

“चुकलं माझं. ओरडा नंतर. आधी जा.”

 खोलांनी झैनबच्या बाळाला स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि झैनबला हातानेच जा म्हणून सांगितले. मग चाळीस बायका डोक्यांवर पराती घेऊन गल्लीभर पांगल्या. दारे उघडली. एकेका भिंतीमागे तंदूर भप्पकन पेटल्याचा आवाज मी मोजत गेले. तिसाच्या पुढे मोजणे जमले नाही.

“आणि पीठ संपलं तर?” एकीने छपराखालून विचारले.

“पाणी तापवा! हिवाळ्याच्या गोधड्या धुवा! नवऱ्याला धुवा!”

“एवढा गॅस नाही गं त्या लाइनीत!” पलीकडच्या भिंतीमागून उत्तर आले, आणि सगळी गल्ली हसली.

पोरे निरोप घेऊन बाकीच्या गल्ल्यांत धावली. दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावात मात्र शाळेच्या अंगणात पुरुषांनी दोन मोठ्या कढयांमध्ये गॅसवर ओश, म्हणजे पुलाव, चढवला होता, ते बरे होते. ओपांनी त्यांना आणखी दोन चढवायला लावल्या. तांदूळ कोण देणार यावर तिथे वाद चालू असताना आम्ही निघालो.

एक वाजता काटा सातवर. दोनला साडेचार. मी दर पाच मिनिटांनी वाचत होते आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता.

तीन वाजता दोन पूर्णांक चार.

हमरो अका उभ्या नळीच्या चाकाशी गेले. दोन्ही हात त्यावर ठेवले. ओपांनी शब्द दिला होता, त्यांनी अकांकडे पाहिले नाही. त्या काट्याकडे पाहत होत्या. हात पाठीमागे घट्ट धरलेले. 

“मोहिनूर,” अका म्हणाले, “एक दशांश उतरायला किती मिनिटं लागतायत?”

“सात. कधी आठ.”

“म्हणजे अर्धा तास. योदगोर, तुला किती वेळ लागेल?”

योदगोरने तोंडातले टरफल थुंकले. “अडीच तास मागितले होते.”

“मागितलेले नको. लागणारे सांग.”

“दोन. पण मध्ये कुणी बोलायचं नाही माझ्याशी.”

हमरो अकांनी चाकावरून हात काढले आणि जमिनीवर बसले. “चहा आहे का कुणाकडे?”

तीन बत्तीसला काटा दोनवर आला. ओपांनी तिन्ही गावांत फोन केले आणि ओपा, जोरा आणि मी एकेका गावाकडे धावलो, घराघरातले कॉक हाताने तपासत. उरलेला गॅस सोडला, तेव्हा मी ओयनिसो खोलांच्या अंगणात होते. खिडकी थरथरली नाही. खोलांनी विचारले, “कधी सोडणार?” तोवर सगळे संपलेही होते.

सहाला आठ मिनिटे असताना योदगोरने मुखवटा वर केला; नवा व्हॉल्व्ह बसला होता. त्याच्याशी दोन तास कुणीही बोलले नव्हते. जोरासुद्धा.

ओपा पुढच्या फेरीलाही चालल्या, त्याच्या पुढच्याही. त्यांच्या तोंडून त्या मंगळवाराचा विषय कधी निघाला नाही. मीच सगळ्यांना सांगत सुटले. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींना ते पटत नसे. एक लाइन-चालणारी बाई, साबणाचे पाणी, बाराशे तंदूर. मलाही पुष्कळदा पटत नाही, आणि मी तिथे होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यादी आली. कचेरीत सगळे जमले होते. कागद जोराच्या हातात होता. संध्याकाळच्या वीजकेंद्रासाठी निवडलेल्या लाइनी. तिसऱ्या ओळीत आमची. पुढे वर्षभराच्या गळतीचा आकडा, आणि तो यादीतला सर्वांत लहान.

जोराने वाचले. ओपा म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचले.

“आकडा नीट वाच.”

त्याने आकडा वाचला.

ओपांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला. त्यांचे डोळे कोरडे होते. मान मात्र अशी ताठ, की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. का, ते मला कळले नाही. मागोमाग योदगोर उठला. मग सगळेच उठले.

“आणखी एकदा, जोरा,” ओपा म्हणाल्या. “मोठ्याने. हमरो अकांना ऐकू आलं नसेल.”

हमरो अका जोराच्या अगदी शेजारी उभे होते.

“नाही आलं,” ते म्हणाले. “वाच.”