पंगतीतले पाट आणि प्लॅटिनम

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. लिहायला बसलो की चष्मा सापडायचा नाही, आणि चष्मा सापडला की दुसरं काही तरी निकडीचं निघायचं. आता ऐंशीच्या घरात आलोय, तेव्हा सांगून टाकतो. प्लॅटिनमच्या सुखदुःखाची इतक्या आस्थेने चौकशी करणारा माणूस वसई तालुक्यात दुसरा झाला नाही. वसईच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो आणि तो माझ्या हाताखालचा अध्यापक. घर होळी नावाच्या गावात, केळी आणि भाजीची वाडी. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला सर म्हणायचा.

ताण हा त्याचा ध्यास होता. मनाचा नव्हे, वस्तूंचा. कुणाच्याही अंगणातली कपड्यांची दोरी तो बोटाने छेडून बघायचा. सायकल स्टँडवरच्या सायकलींचे स्पोक वाजवत यायचा, त्यामुळे सर आले हे मुलांना आधीच कळायचं. एकदा तुळिंजच्या बाजारात भाजीवालीच्या ताडपत्रीची डावी दोरी सैल आहे असं त्याला वाटलं. घट्ट करायला गेला आणि गाठच सुटली. बाई शांतपणे म्हणाली, "मास्तर, भाजी घ्या, नायतर ताडपत्री धरून उभे ऱ्हावा." दुसरी दोरी येईपर्यंत हा अर्धा तास ताडपत्री धरून उभा राहिला आणि वर्गावर येऊन तोच अर्धा तास त्याने शिकवला.

या सगळ्याच्या मुळाशी प्लॅटिनम होतं. पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमसारखा धातू नाही, पण त्याची एक खोड आहे. हायड्रोजनचे अणू ते जरा जास्तच घट्ट धरून ठेवतं. याचं म्हणणं असं, की निकेलच्या अतिसूक्ष्म कणांवर प्लॅटिनमची साय धरवावी. निकेलचे अणू जवळजवळ असतात, त्यामुळे वरच्या प्लॅटिनमलाही ताणाखाली दाटीने बसावं लागतं, आणि मग त्याची पकड सैल होते. मला हे पटेना, तेव्हा म्हणाला, "सर, पंगतीत पाट जवळजवळ मांडले की जेवणारा रेंगाळतो का? हात धुवायला लवकरच उठतो." एवढ्यावर तो थांबला नाही. पुतण्याच्या मुंजीत त्याने एका रांगेतले पाट दोन-दोन बोटं सरकवले आणि घड्याळ घेऊन दाराशी उभा राहिला. त्याची वहिनी जिलबी वाढता वाढता म्हणाली, "भावोजी, आज तरी माणसांना माणसांसारखं जेवू द्या." दाटीची रांग आधी उठली. पुढे महिनाभर तो हा निकाल सांगत होता.

खरा प्रयोग नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाला. मोडक्या उपकरणांतल्या प्लॅटिनमच्या तारा विरघळवून त्याने निकेलच्या कणांवर प्लॅटिनमची साय धरवलेली काळी भुकटी तयार केली. तेवढ्याच विद्युतदाबाला साध्या प्लॅटिनमपेक्षा बुडबुडे स्पष्ट जास्त येत होते, ते मीही पाहिलं. विद्यापीठाची समिती बघायला येणार होती. तिला पटलं तर त्याला संशोधनासाठी रजा आणि मार्गदर्शक मिळणार होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ही संधी दुसऱ्यांदा येत नाही.

भुकटी तो पाण्याखालीच ठेवायचा. वाळवायची नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं होतं. समितीच्या दिवशी सकाळी मी बाटली पाहिली आणि पाहुण्यांपुढे हा चिखल ठेवायचा म्हणून लाज वाटली. उत्प्रेरक नीट भाजून घ्यावा, अशी आमच्या पिढीची शिस्त. तो समितीला आणायला स्टेशनवर गेला असताना मी भुकटी भट्टीत घातली आणि चांगली लाल आचेवर भाजली. निकेल वर आलं, कण एकमेकांना चिकटले, प्लॅटिनमवरची दाटी संपली. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी फक्त कोरडी भुकटी बाटलीत भरून ठेवली.

बुडबुडे जेमतेम आले. भुकटी कोरडी कशी, हे त्याने विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. समितीतल्या एका गृहस्थांनी, आधीचे आकडे नीट तपासले होते का, असं विचारलं. तेव्हा मी चहा सांगायला उठलो. चहा झाला, मंडळी गेली. तो उपकरणं धूत राहिला. मग म्हणाला, "बाटलीचं बूच माझ्याकडूनच सैल राहिलं असेल, सर. पाणी उडून गेलं." त्यानंतर त्याने प्लॅटिनमला हात लावला नाही. पुढे लवकर निवृत्ती घेऊन वाडी बघू लागला.

चार-पाच वर्षांनी परदेशी नियतकालिकात एक लेख वाचनात आला. दुसऱ्या कुणीतरी हेच करून दाखवलं होतं. मी त्याची झेरॉक्स घेऊन होळीला गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. तो ओटीवर केळीचे घड पुसत होता. हात धुऊन त्याने लेख उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. इतका आनंदलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, तत्त्व बरोबर होतं. फक्त माझा हात चुकला."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण तो मलाच तो लेख ओळीओळीने समजावून सांगू लागला, आणि मी विद्यार्थ्यासारखा मान हलवत राहिलो. निघताना तो फाटकापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "एवढ्या लांब माझ्यासाठी आलात, सर." मी म्हटलं, पुढच्या वेळी निवांत बोलू. दोन वेळा पुन्हा गेलो, दोन्ही वेळा पावसापाण्यावर बोलून परतलो. तिसऱ्या वेळी गेलो तो त्याच्या दिवसकार्याला.

सांगायचं होतं ते एवढंच, की तुझा हात चुकला नव्हता रे. माझा चुकला होता.