पाच वेढे

घरात दोनच मुलं, आणि वाटणी करताना देवाचा हात आखडला असं त्यांची आई म्हणायची. थोरलीला गळा दिला आणि धाकट्याला नुसतेच कान. त्यावरून धाकट्याचं नाव पडलं कानसेन, ते एकसष्टाव्या वर्षापर्यंत टिकलं. त्याला त्या नावाचा कधी राग आला नाही. गळा बसतो, कान बसत नाहीत, असं तो म्हणायचा. शेजारच्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या गुणगुणीने त्याची दुपारची डुलकी मोडायची, तेव्हा मात्र तो देवाला चार शब्द सुनावायचा.

शहरातल्या जुन्या ध्वनिसंग्रहात दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली होती. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे त्याचं काम. आयुष्यभर त्याने दुसरं काही केलं नाही आणि दुसरं काही त्याला येतही नव्हतं. साधा खिळा ठोकायला सांगितला तर भिंत तेवढी फोडून ठेवायचा. पण मशिनीपुढे बसला की त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या पहिल्या साहेबांनी त्याला एकच नियम शिकवला होता: टेपेवर जे काही करशील ते डब्याच्या झाकणात आतून लिहून ठेव. आवाज वाढवला, खरखर काढली, तुटलेली टेप जोडली, सगळं. आपण मेल्यावर ऐकणाऱ्याला कळायला हवं की गाणाऱ्याचं किती आणि आपलं किती. संग्रहातल्या हजारो झाकणांत कानसेनचं बारीक, तिरकं अक्षर होतं. एकच झाकण कोरं होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या बहिणीच्या टेपेचं होतं.

ताई मोठी गायिका. तिची एकतीस वर्षांपूर्वीची मैफल चित्रफितीवर उतरवली होती, आणि ती फीत अजून लोकांच्या फोनवर फिरते. शेवटच्या दहा मिनिटांत ताई अशा चढ्या पट्टीत आणि अशा वेगाने गाते की भल्याभल्यांनी कानाला हात लावले. गंमत म्हणजे ती पट्टी पियानोच्या कुठल्याच सुराशी जुळत नाही; दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी बसते. यावर जाणकारांनी लेख लिहिले. ताईंना दोन सुरांमधला सूर दिसला होता, असं एकाने लिहिलं. कानसेनने ते वाचलं आणि पेपर घडी करून उशीखाली ठेवला. दोन सुरांमधला सूर कुणालाही दिसला नव्हता. तो पाच वेढ्यांनी आला होता.

त्याचं झालं असं होतं. मैफलीच्या दिवशी ताईला सडकून ताप होता. गायली, पण शेवटचा भाग ओढत ओढत. दुसऱ्या दिवशी ती या खोलीत येऊन ऐकत बसली आणि ढसाढसा रडली. "हे असं लोकांपुढे जाऊ देऊ नकोस रे," म्हणाली. टेप ओढणारी जी पोलादी कांडी असते, तिच्यावर त्याने चिकटपट्टीचे वेढे दिले. कांडी जाड झाली की टेप जोरात पळते, आणि टेप पळाली की आवाजही वर चढतो. तीन वेढ्यांवर ताई म्हणाली, "अजून." चारवर म्हणाली, "अजून एक." चित्रंही त्याच हिशेबाने पळवणारा त्याचा एडिटर मित्र पुढे वारला. ताई त्या पट्टीत पुन्हा कधीच गायली नाही. अशी मैफल एकदाच होते, असं ती मुलाखतीत सांगायची, आणि ते एका अर्थी खरंच होतं.

मंगळवारी भाची, ताईची लेक, संग्रहात आली. दारातून तिने "मामा" म्हटलं आणि कानसेनच्या हातातला कप हातातच राहिला. त्या एका शब्दाच्या कडेने हवा गळत होती.

"घशाला काय झालंय?"

"काही नाही. थोडी सूज आहे."

"डॉक्टरांकडे गेली होतीस?"

तिने आधी इकडचं तिकडचं केलं, मग सांगितलं. स्वरतंतूवर बारीक गाठ होती. डॉक्टरांनी ताबडतोब गप्प राहायला सांगितलं होतं. आणखी ताण पडला तर आवाज परत येईल याची खात्री नाही, असंही म्हणाले होते. आणि रविवारी तिचा कार्यक्रम होता: त्याच सभागृहात, मागे पडद्यावर आई आणि पुढे मंचावर लेक, दोघींनी एकत्र गायचं. तिकिटं संपली होती. पडदा आणि आवाज सांभाळायला तिला मामाच हवा होता.

"पट्टी उतरव," तो म्हणाला.

"फीत लावून गायचंय मामा, उतरवू कशी? आणि का उतरवू? आई गायलीच ना? बारा वर्षं रोज सकाळी उठून तीच फीत लावून घासतेय. अजून एकदा, मग महिनाभर तोंड उघडणार नाही."

बारा वर्षं. कानसेनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. वयात आली की आपली पट्टी आपण शोधेल, म्हणून त्याने कानाडोळा केला होता. कानसेनने कानाडोळा करावा, यापरती लाजेची गोष्ट नाही.

बुधवारी तो ताईकडे गेला. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती.

"ताई, तिला रविवारी गाऊ देऊ नकोस."

"का? तुझ्या कानात पुन्हा काही वाजलं वाटतं?"

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंय ना तिने?"

"डॉक्टर घाबरवायलाच असतात. मला काय कमी ताण होता? मी नाही गायले त्या पट्टीत?"

"नाही गायलीस."

वाटाणे सोलणारी बोटं थांबली. "काय म्हणालास?"

"पाच वेढे दिले होते, ताई. तू माझ्या शेजारी बसली होतीस. अजून एक, म्हणालीस."

ताईने त्याच्याकडे बघितलं आणि चक्क कीव आल्यासारखं हसली. "म्हातारा झालास रे तू. जगाने ऐकलंय, मी रोज ऐकतेय, आणि तू मला वेढे सांगतोस."

खोटं बोलणाऱ्याचा आवाज किंचित वर सरकतो, हे कानसेनला धंद्याने शिकवलं होतं. ताईचा आवाज जागचा हलला नव्हता. तिला खरोखरच आठवत नव्हतं! एकतीस वर्षं स्वतःची फीत ऐकून ऐकून ती त्या फितीतल्या बाईवर विश्वास ठेवून बसली होती. कानसेन खरा घाबरला तो तिथे. खोटारड्याशी भांडता येतं, या बाईशी कसं भांडायचं?

"आणि ऐकून ठेव," ताई म्हणाली, "असलं काही पोरीच्या डोक्यात भरवलंस तर माझं तोंड बघायला येऊ नकोस."

तरी त्याने भाचीला फोन केला आणि सगळं सांगितलं. 

"मी गाऊ नये म्हणून तू आईला खोटी ठरवतोयस," ती म्हणाली. "एवढी का मी कच्ची वाटते तुला?" आणि तिने फोन ठेवला.

आता उरली ती मूळ टेप; वेढे मशिनीच्या कांडीवर दिले होते, टेपेला धक्का लागला नव्हता. गुरुवारी सकाळी त्याने वरच्या फळीवरून डबा काढला. झाकण आतून कोरं करकरीत. टेप मात्र वयाने चिकट झाली होती; अशी टेप तशीच लावली तर तिच्यावरचा थर खरवडून निघतो आणि आवाज त्याच्याबरोबर जातो. तिला मंद उष्णतेच्या पेटीत तासन् तास शेकावं लागतं, आणि शेकल्यावरसुद्धा इतकी जुनी टेप एकदा नीट वाजली तरी नशीब. दिवसभर तो पेटीच्या काट्याकडे डोळे लावून बसला. जेवणाचा डबा तसाच राहिला. शुक्रवारी सकाळी त्याने टेप चढवली, कांडी स्पिरिटने पुसली, तीनतीनदा पुसली, आणि बटण दाबलं. बत्तीस मिनिटं तो श्वास मोजून घेत होता. मधेच एका जागी आवाज मातकट झाला, कांडीपाशी तपकिरी भुकटी पडू लागली, आणि त्याला वाटलं, गेलं सगळं. पण टेप सावरली आणि शेवटपर्यंत आली. मग त्याने चित्रफितीचा वेगही शंभराचा साडेब्याण्णव केला आणि ती आवाजाशी जुळवली.

त्याच दुपारी तीन वाजता सभागृहात तालीम होती. मंचावर भाची आणि व्हायोलिनवाले, पहिल्या रांगेत ताई, तिच्या शेजारी आयोजक. कानसेन मंचाच्या कडेला, वरच्या काचेच्या खोलीत, पुढ्यात कॉम्प्युटर, त्यात दोन फिती: जगाची आणि खरी. कुठली लावायची हे त्याचं ठरलं नव्हतं. पेनड्राइव्ह खिशात आणि टेपेचा डबा पिशवीत घालून निघताना ठरलं होतं, ताईला पाहिलं आणि मोडलं.

"मामा, लाव," भाची माइकवर म्हणाली.

त्याने जगाची लावली. पडद्यावर तरुण ताई आली, आणि तिच्या डावीकडे सभागृहाचं घड्याळ, लाल सेकंदकाट्याचं. तेच घड्याळ अजून त्याच भिंतीवर होतं. दोन घड्याळं शेजारीशेजारी, आणि पडद्यावरचा काटा भिंतीवरच्या काट्याला मिनिटामिनिटाला चार-पाच सेकंदांनी मागे टाकत होता.  पण समोर ताई गात असताना घड्याळाकडे कोण बघतो? एकतीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.

पहिली वीस मिनिटं भाचीने रेटून नेली. शेवटचा भाग आला आणि तिसऱ्याच तानेला तिचा आवाज दुभंगला. ती थांबली, पाणी प्यायली.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तिथेच. या वेळी ती पाठ फिरवून खोकली आणि रुमालाची घडी घातली. पहिल्या रांगेला दिसलं नाही, पण काचेतून कानसेनला दिसलं. रुमालावर लाल ठिपका होता, आणि तो आत जाईल अशी घडी तिने घातली.

"घाबरू नकोस ग," खालून ताई ओरडली. "मी गायलेय, तूही गाशील. पुन्हा घे."

"मामा, तिथूनच लाव."

कानसेनने दुसरी लावली.

पडद्यावर तीच ताई, तीच साडी. पण ओठ जरा सावकाश हलत होते, आवाज जाड आणि थकलेला होता, आणि दोन्ही घड्याळांचे लाल काटे एका वेळी पुढे पडत होते. भाचीला काही कळायच्या आत तिचा गळा त्या सुरावर जाऊन बसला. पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली, अडलेली तानसुद्धा निघाली. तिसऱ्या ओळीच्या मध्यात ती अचानक गप्प झाली आणि हात गळ्याशी गेला. मग तिने वळून पडद्याकडे पाहिलं. एकटी ताई गात राहिली.

"काय बिघडलंय मशिनीत?" आयोजक उभे राहिले. "आवाज असा काय येतोय?"

कानसेनने माइक ओढला. बोलायचं बरंच ठरवलं होतं, तोंडातून एवढंच आलं, "बिघडलेलं नाही. आज पहिल्यांदाच बरोबर लागलंय."

सगळे ताईकडे बघायला लागले. ती ताठ बसली होती. पडद्यावरच्या बाईने घाम पुसला, श्वास घेतला, पुढची ओळ ओढत उचलली, आणि खाली बसलेल्या बाईचे ओठ तिच्याबरोबर हलले. गाणं संपलं.

"ताप होता मला त्या दिवशी," ताई म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, पण भाची माइक हातात घेऊन मंचाच्या कडेला आली होती, आणि माइक चालू असल्याने ते काचेच्या खोलीतही ऐकू आलं. "उभं राहवत नव्हतं."

"बारा वर्षं, आई," भाची म्हणाली. आवाज कसला, नुसती हवा. "रोज सकाळी रडत होते मी. मला वाटायचं मीच नालायक." मग तिने काचेकडे पाहिलं. "आणि तू ऐकत होतास, मामा. तुला तर सगळं ऐकू येतं."

 तिने पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. व्हायोलिनवाल्यांनी मान खाली घालून तारा सैल केल्या. आयोजक फोन घेऊन बाहेर गेले. रविवारचं आता रद्दच करावं लागणार होतं. तिचा आवाज परत येणार की नाही, हे त्या घटकेला कुणालाच माहीत नव्हतं.

कानसेन डबा घेऊन खाली आला, ताईपासून दोन खुर्च्या सोडून बसला. तोंड बघायला येऊ नकोस म्हणाली होती, म्हणून त्याने तिच्याकडे बघितलं नाही. त्याने झाकण उघडलं, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं: कांडीवर पाच वेढे. वेग वाढवला, पट्टी चढली. मूळ गाणं या डब्यात आहे. नोंद एकतीस वर्षं उशिरा. खाली सही केली.

ताईने हात पुढे केला. त्याला वाटलं ती झाकण हिसकावून घेणार. तिने पेन मागितलं. चष्मा लावून त्याची ओळ दोनदा वाचली आणि त्याच्या सहीखाली लिहिलं: माझ्या सांगण्यावरून. तिथे तिनेही सही केली.

"हे तिला दाखवायला हवं," कानसेन म्हणाला. "मी जातो."

"तू बस," ताई म्हणाली, आणि डबा काखेत धरून लेकीच्या मागे निघाली.