वसंताचे किलोमीटर

रिटायर झालेला माणूस रोज सकाळी सायकल घेऊन बाहेर पडायला लागला, की किस्से आपोआप साचत जातात. आमच्या जळगावच्या वीज ऑफिसातल्या म्हाताऱ्यांचा असाच एक ग्रुप आहे. आज किती फिरलो ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं, बाकीच्यांनी अंगठे द्यायचे. आणि रोज एक नंबर कोण? वसंता! तीस वर्षं मी लाईनमन म्हणून खांब चढलो, हा पंख्याखाली बसून फायली चाळायचा. माझी एकच इच्छा होती, मरायच्या आधी एकदा तरी वसंताच्या वर जायचं.

*

दोघांनाही डॉक्टरांनी एकाच दिवशी शुगर सांगितली होती. सहा महिन्यांत वसंता आठ किलो उतरला. मी दीड.

आमची ही एकदा त्याला चहा देताना म्हणाली, "वसंतभाऊ, तुम्ही तर कॉलेजातले दिसायला लागले." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नाही. रागाने मी दुपारी जेवलोच नाही. रात्री दोन भाकरी जास्त गेल्या.

*

हिवाळ्यात एरंडोल रस्त्याला एका दोस्ताच्या शेतात भरीत पार्टी होती. आपल्याकडे भरिताला बोलावलं की माणसाला ताटावरून लवकर उठू देत नाहीत. वसंताने मात्र एक भाकरी खाऊन हात धुतले. वाढणाऱ्या अक्कांना वाईट वाटू नये म्हणून त्याच्या वाट्याचंही मीच खाल्लं.

निघताना शेतातून रस्त्याला लागायला एवढासा चढ, तिथेच मला उतरून सायकल ढकलावी लागली. अक्का बांधावरून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सायकल चांगली शे, पोट जड शे." आणि भरिताचा डबा कोणाला बांधून दिला? वसंताला.

*

वसंताने सायकलवाल्यांची ती तंग चड्डी आणली. मग मीही आणली. पहिल्याच दिवशी आम्ही दोघं पाळधीपर्यंत गेलो, तर तिथे माझे व्याही भेटले, मुलीचे सासरे. घरी चला म्हणून त्यांनी माझं हँडलच धरलं.

घरात विहीणबाई, त्यांच्या दोन जावा आणि वर शेजारीण. मी सतरंजीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. पहिल्यांदाच सायकलवर आलो म्हणून रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी दिली. टोपी डोक्यावर घेतली आणि टॉवेल तिथल्या तिथे कमरेला गुंडाळला. वसंता त्याच चड्डीत ऐटीत उभा होता, आणि आमचे व्याही त्याला विचारत होते, ही कुठे मिळते म्हणून.

*

धुळ्याला एका लग्नाला एसटीने गेलो. मोबाईलमधलं किलोमीटर मोजायचं अ‍ॅप सकाळपासून चालूच राहिलं होतं. उतरल्यावर बघतो तर नव्वदच्या वर! खरं सांगतो, बोट बंद करायलाच गेलं होतं. पण मन फिरलं, आणि मी ते ग्रुपवर टाकून दिलं.

धडाधड अंगठे आले. लग्नात मी दोन जिलब्या जास्त घेतल्या. तेवढ्यात वसंताने लिहिलं, "भिकन, तुझी सायकल पारोळ्याला बसस्टँडमध्ये दहा मिनिटं थांबलेली दिसते. कितव्या फलाटावर लावली होती?"

*

दिवाळीनंतर वसंता मोरीत पाय घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. खोटं कशाला बोलू, बातमी ऐकल्यावर वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. आता तीन महिने रान मोकळं होतं.

मी महिनाभर पहाटे उठून तयारी केली. एका रविवारी एकटाच पद्मालयाला सायकलवर जाऊन आलो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, कुठेही एसटी नाही. गणपतीच्या दारात सायकलसकट फोटो काढला आणि घरी येऊन ग्रुपवर टाकला.

त्याच सकाळी वसंतानेही टाकलं होतं, "आज वॉकर धरून दारापर्यंत गेलो."

ग्रुपमध्ये आम्ही तीस जण. त्याच्या दारापर्यंतच्या चालण्याला अठ्ठावीस अंगठे आले. मी दिला नव्हता.

माझ्या साठ किलोमीटरला संध्याकाळपर्यंत एकच अंगठा आला. तो वसंताचा होता.