माझ्या गिटारचं नॉलेज ट्रान्सफर

आमच्या बँडमध्ये मी सोडून सगळे गोरे, म्हातारे आणि मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी पन्नाशीचा, नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरजवळच्या एका गॅरेजमध्ये दर शनिवारी दुपारी आम्ही कंट्री म्युझिक वाजवायचो. माझ्याकडे स्टील गिटार. ही गिटार आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवतात, त्यामुळे सूर पायऱ्या उतरत नाही, घसरगुंडीवरून येतो. रडायला फार सोयीचं वाद्य. नागपुरात तिला आम्ही हवाईयन गिटार म्हणायचो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांनी मला ती शिकवली आणि घरच्यांनी ती परीक्षेपर्यंत सहन केली.

बँडचा गायक सत्तरी ओलांडलेला. पहिल्याच दिवशी त्याने मला ‘डॉक’ म्हणायला सुरुवात केली. मी डॉक्टर नाही म्हटल्यावर म्हणाला, “हरकत नाही, मी तरी कुठे काउबॉय आहे?”

महायुद्धानंतर त्याचे वडील केंटकीच्या डोंगरातून इथे कारखान्यात कामाला आले आणि येताना गाणी घेऊन आले. तिकडे ती गाणी ओसरीवर एका फिडलवर, म्हणजे गावरान व्हायोलिनवर, भागायची. इथे शिफ्ट सुटल्यावर बारमध्ये इतका गोंगाट असायचा की गिटारला वीज जोडावी लागली, मागे ड्रम बसवावे लागले. गाण्यांत काय, तर दारू, सोडून गेलेली बायको आणि गावाकडची आई. मग रेकॉर्ड काढणाऱ्यांना वाटलं की शहरात सोफ्यावर बसणाऱ्यांनीही हे विकत घ्यावं. त्यांनी फिडल आणि स्टीलला दार दाखवलं आणि व्हायोलिनचा ताफा व ‘ऊऽ ऊऽ’ करणारा कोरस आत घेतला. पुढे काही बंडखोरांनी दाढ्या वाढवल्या, कोरस हाकलला आणि स्टील परत आणली. आता पुन्हा काउबॉयची टोपी तेवढी उरलीय, आत सगळं मशीन. हा इतिहास तो दर शनिवारी सांगायचा आणि व्हायोलिनवाल्यांपाशी आला की जमिनीवर थुंकायचा. गॅरेज त्याचंच होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात माझ्या या उद्योगाचं कुणालाच कौतुक नव्हतं. एका काकांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये विचारलं, “भावगीतं सोडून हे गुराख्यांचं काय घेऊन बसलास?” मी म्हटलं, काका, पोटासाठी गाव सोडून आलेल्यांची गाणी आहेत ती, आपण तरी दुसरं काय केलं?

“आपण व्हिसावर आलो,” काका म्हणाले. “फरक आहे.”

मी आठवडाभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर असतो. घरी मुलगी हेडफोन लावून असते. शनिवारची ती खुर्ची ही एकच जागा अशी होती, की माझी पाळी आली की बाकीचे हात आवरायचे आणि माझ्याकडे बघायचे. एवढ्यासाठी मी बर्फातून ड्राइव्ह करत जायचो.

यंदा उन्हाळ्याआधी गायकाच्या मुलीने बँडची सूत्रं हातात घेतली आणि बँडला पहिल्यांदाच जत्रेतल्या मोठ्या स्टेजवर संध्याकाळची वेळ मिळवून दिली. बाई गोड बोलणारी. म्हणाली, तुझं ऑफिसचं काम कधी अचानक निघतं, आयत्या वेळी नाही आलास तर? तुझी स्टील लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवूया का? तुला तर कॉम्प्युटरचं सगळं येतं.

‘तू नसलास तर’ हे शब्द ऐकले की आमच्या जातीचा माणूस आपोआप कामाला लागतो. आमच्या धंद्यात याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात. आपल्या जागी येणाऱ्याला शेजारी बसवून सगळं इतकं नीट समजावून द्यायचं, की आपल्यावाचून काही अडू नये. मी स्वतःच्या नोकरीचंसुद्धा असं ट्रान्सफर केलंय आणि वर निरोपाचा केकही खाल्लाय. तरीही मी उत्साहाने बसलो. प्रत्येक गाणं प्रत्येक पट्टीत वाजवलं. हुंदके तीन आकारांत केले, लहान, मध्यम आणि भरपूर. सगळ्यांना सुटसुटीत नावं दिली आणि गायकाला पायाने दाबता येईल असं एक बटण जोडलं.

बायको दारात उभी राहून बघत होती. “कोणासाठी करतोयस हे?”

“बॅकअप आहे.”

“मागच्या कंपनीतही तू हेच म्हणाला होतास.”

जत्रेच्या आधी गायकाचा फोन आला. मोठं स्टेजही लहान पडेल म्हणाला, त्याच्या मुलीचं म्हणणं होतं की माणसं कमी हवीत. मग म्हणाला, “डॉक, तू इतकं सुंदर करून ठेवलंयस, की तुला त्रास द्यायची गरजच नाही.”

मी म्हटलं, व्हायोलिन आणणाऱ्यांनीही स्टीलचं हेच केलं होतं ना?

“त्यांनी परके लोक आणून बसवले,” तो म्हणाला. “हा तर तूच आहेस.”

मी गेलो. बायको आणि मुलीला घेऊन, तिकीट काढून, तळलेल्या पिठाच्या आणि गाईगुरांच्या वासात बाकावर बसलो. पहिल्याच गाण्यात माझी स्टील भरपूर आकारात रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायकाने सवयीने उजवीकडे वळून मान डोलावली. तिथे स्टुलावर लॅपटॉप होता.

तिसऱ्या गाण्यात तो लॅपटॉप एका हुंदक्यावर अडकला. तोच हुंदका पुन्हा, परत तोच. गायक पायाने बटण चेचत होता, ड्रमवाला थांबला, आणि मग माइकवरून मला हाक आली.

मी स्टेजवर चढलो. गॅरेजमध्ये बघायचे तसे सगळे हात आवरून माझ्याकडे बघत होते. मी लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला, आवाज तपासला, अंगठा दाखवला.

“आमच्या कॉम्प्युटरवाल्यासाठी एक टाळी होऊ द्या,” गायक म्हणाला.

त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी ती. नाटकीपणा रक्तातच असल्यामुळे मी कमरेत वाकून ती घेतली आणि खाली उतरलो.

“यू सेव्ह्ड द शो, बाबा,” मुलगी म्हणाली. बायकोने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मी बसलो. स्टेजवर गाणं पुन्हा सुरू झालं, माझी पाळी आली, आणि प्रत्यक्षात मी ज्या वळणावर दर शनिवारी घाई करायचो, ते वळण लॅपटॉपमधून अगदी वेळेवर आलं.