मगदूम सरांना शाल, वाद्यवृंदाला कुलूप

मगदूम सरांची पहिली भेट कुरुंदवाडला भर वरातीत झाली. मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होतो. वरात थांबली तसे एक अनोळखी गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "पावणं, वाजवताय झ्याक. पर शेजारचा काय वाजवतोय, ते ऐकताय का न्हाय?" मला संताप आला. पुढच्या रविवारी भांडायलाच मी राजारामपुरीत त्यांच्या वाद्यवृंदाच्या सरावाला गेलो आणि तिथलाच झालो.

व्हायोलिन, चेलो, क्लॅरनेट अशा चाळीस वादकांचा वाद्यवृंद सरांनी या शहरात उभा केला. इचलकरंजीचे अस्लमभाई यंत्रमागावरची पाळी संपवून येतात आणि एका डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बसून एकाच स्वरलिपीवरून वाजवतात. एरवी या दोघांची गाठ फक्त दवाखान्यात पडली असती. नागरिकशास्त्र मी शाळेत पाठ केलं होतं, पण कळलं इथे.

वादन चालू असताना सत्कार नाही, हा सरांचा नेम. एका कार्यक्रमात रचनेचा पहिला भाग संपला आणि दुसऱ्याआधीच्या शांततेत निवेदकाला वाटलं, झालं! त्याने प्रमुख पाहुण्यांचा सत्कार पुकारला. पाहुणे व्यासपीठावर चढलेसुद्धा. सरांचे हात वरच होते. मागे न वळता ते म्हणाले, "पावणं, अजून संपलं न्हाय. बसा की खाली." पाहुणे बसले, पण विसरले नाहीत.

यंदा या पाहुण्यांच्याच शब्दावरून आमचं सरावाचं सभागृह एका कोचिंग क्लासला गेलं. आम्ही जाब विचारायला गेलो तर म्हणाले, "तुमचं काय, कुठंबी बसून वाजवा की!" चाळीस माणसं कुठंबी कशी बसतील? आज दोन चेलो सरांच्या पलंगावर आहेत, आणि पंचाहत्तरीतले सर जमिनीवर अंथरूण घालतात. हेच पाहुणे आता सरांच्या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. गौरवलेखासाठी त्यांचा मला निरोप आला, "जरा गोड लिवा." त्यांना लाज वाटायला हवी होती.

मी लिहिणारच नव्हतो. सरच म्हणाले, "लिही की. पर रविवारी बसायचं कुठं, तेवढं इचार त्यास्नी."

अध्यक्षमहाराज, विचारतो आहे. सरांना आणखी पंचवीस वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. तुम्हाला मात्र रविवारपर्यंतच वेळ आहे.